आधी हव्यास, मग भट्टी : युरोपातल्या पोर्सेलिनची गोष्ट

१७१७ साली दोन जर्मन राज्यकर्त्यांमध्ये एक अजब सौदा झाला. सॅक्सनीचा अधिपती आणि पोलंडचा राजा ऑगस्टस याने आपल्या लष्करातले ६०० ड्रॅगून शिपाई प्रशियाचा राजा पहिला फ्रेडरिक विल्यम याला देऊन टाकले आणि त्या बदल्यात चिनी पोर्सेलिनचे १५१ नग घेतले. फ्रेडरिक विल्यमला लष्कराचं वेड, ऑगस्टसला भांड्यांचं. प्रशियात त्या शिपायांची जी पलटण उभी राहिली, तिला लोक ‘पोर्सेलिन पलटण’ म्हणू लागले. सौद्यात आलेल्या निळ्या-पांढऱ्या, झाकणाच्या उंच बरण्या आजही ड्रेस्डेनच्या संग्रहालयात ‘ड्रॅगून बरण्या’ या नावानेच ओळखल्या जातात.

हा सौदा झाला तेव्हा ऑगस्टसचा स्वतःचा पोर्सेलिनचा कारखाना सात वर्षांचा झाला होता. तरीही त्याला चिनी माल हवाच होता, कारण झिलईखालची ती निळी नक्षी त्याच्या कारागिरांना अजून नीट साधत नव्हती.

बहुतेक कलांमध्ये आधी कारागीर असतो आणि त्याच्या वस्तू जमवणारा शौकीन मागून येतो. युरोपात पोर्सेलिनच्या बाबतीत नेमकं उलटं घडलं. तिथले राजे-सरदार दोनशे वर्षं परक्यांनी घडवलेली भांडी जमवत राहिले. त्यापायी तिजोऱ्या रित्या होऊ लागल्या, तेव्हा कुठे स्वतःच्या भट्ट्या पेटल्या. संग्राहकाच्या हव्यासानेच इथे रसायनशास्त्राला कामाला लावलं.

मकाव, गोवा, लिस्बन

चिनी पोर्सेलिनचे तुरळक नग खुष्कीच्या मार्गाने मध्ययुगातच युरोपात पोचले होते. सोन्या-चांदीची कोंदणं करून ते राजांच्या खजिन्यात ठेवले जात. वास्को द गामा १४९८ मध्ये मलबारच्या किनाऱ्यावर उतरला आणि हे चित्र पालटलं. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकला, पुढे मकावला वखार थाटली. चीनचा माल मकावहून गोव्याला आणि गोव्याहून लिस्बनला, अशी वाट पडली. जुन्या गोव्यातल्या उत्खननांत चिनी पोर्सेलिनचे तुकडे मिळतात, ते याच रहदारीतले. लिस्बनच्या सांतोस राजवाड्यात एका दालनाचं पिरॅमिडसारखं निमुळतं छत अडीचशेहून अधिक चिनी ताटल्या-वाडग्यांनी मढवलेलं आहे. ताटात वाढून घेण्याऐवजी मान वर करून पाहण्याची ही वस्तू होती!

सतराव्या शतकाच्या आरंभी डचांनी या व्यापारात शिरकाव केला, तोही लुटीच्या मार्गाने. १६०३ मध्ये सिंगापूरजवळ त्यांनी ‘सांता कातारीना’ हे पोर्तुगीज जहाज पकडलं. त्यातल्या पोर्सेलिनचा पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅममध्ये लिलाव झाला, तेव्हा फ्रान्सचा चौथा हेन्री आणि इंग्लंडचा पहिला जेम्स यांच्यासाठीही खरेदी झाली. मग डच ईस्ट इंडिया कंपनीने हा व्यापार पद्धतशीर चालवला. चहाच्या जहाजांना पोर्सेलिन फार सोयीचं पडे. ते जड असल्यामुळे जहाजाच्या तळाशी भरलं की जहाज डोलत नसे, ते पाण्याने बिघडत नसे आणि वर चहाच्या पेट्या कोरड्या राहत. १७५२ मध्ये बुडालेल्या ‘गेल्डरमाल्सन’ या डच जहाजाचा माल १९८० च्या दशकात समुद्रतळातून वर काढला, तेव्हा दीड लाखाच्या आसपास नग बाहेर आले. सव्वादोनशे वर्षं खाऱ्या पाण्यात राहूनही त्यातले कित्येक विकण्याजोगे होते, आणि १९८६ मध्ये ॲमस्टरडॅमलाच त्यांचा लिलाव झाला.

मागणी वाढायला आणखी एक कारण होतं. चहा, कॉफी आणि चॉकलेट ही तीन गरम पेयं याच काळात युरोपात रुजली. चांदीचा पेला हात भाजायचा आणि साध्या मातीचं भांडं पाणी शोषायचं. पोर्सेलिनचा कप मात्र पातळ असूनही उकळता चहा सोसायचा, त्याला वास लागायचा नाही आणि तो धुतला की लख्ख व्हायचा.

मातीत होतं तरी काय?

पोर्सेलिन दोन मुख्य घटकांतून होतं. एक म्हणजे केओलिन, ही पांढरीशुभ्र माती. दुसरा म्हणजे फेल्डस्पार असलेल्या दगडाची पूड. केओलिन अतिशय तापवलं तरी सहसा वितळत नाही, म्हणून भांड्याचा आकार टिकतो. फेल्डस्पार मात्र तेराशे-चौदाशे अंश सेल्सियसला वितळून काचेसारखा होतो आणि मातीच्या कणांमधल्या फटी बुजवतो. त्यामुळे भांडं टणक होतं, पाणी शोषत नाही, टिचकी मारली तर खणखणतं आणि पातळ असेल तर त्यातून उजेड झिरपतो. भट्टीत ते सुमारे सहाव्या भागाने आकसतं. म्हणून कारागिराला प्रत्येक वस्तू मुळात मोठी घडवावी लागते, आणि सगळीकडे सारखी आकसली नाही तर ती वाकडी होते किंवा तडकते.

चीनमधल्या जिंगडेझनच्या कुंभारांना हे पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं. युरोपीयांना दिसत होती ती फक्त तयार वस्तू. ती काचेसारखी दिसते म्हणजे तिच्यात काच असणार, असा त्यांचा तर्क. फ्लॉरेन्सच्या फ्रान्सिस्को द मेदिची या ड्यूकने १५७५ च्या सुमारास पदरच्या कारागिरांकडून पांढरी माती आणि काचेचं चूर्ण मिसळून भांडी करवून घेतली. दिसायला ती पोर्सेलिनच्या जवळ गेली, पण भट्टीत बहुतेक बिघडायची. १५८७ मध्ये ड्यूक वारला आणि उद्योगही थांबला. त्यातले साठ-सत्तर नगच आज जगात शिल्लक आहेत.

काच मिसळून केलेल्या या प्रकाराला पुढे ‘मृदू पोर्सेलिन’ म्हणू लागले. फ्रान्समध्ये रुआँ, सँ-क्लू, शाँतियी इथे तेच बनत असे. त्याची झिलई मऊ, लोण्यासारखी दिसते, पण तिच्यावर चरे पडतात आणि उकळतं पाणी ओतलं की भांडं तडकण्याची धास्ती असते. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या कुंभारांनी वेगळी युक्ती काढली. साध्या मातीच्या भांड्यावर कथिलाची पांढरी झिलई चढवून त्यांनी निळी नक्षी रंगवली. मिंग राजवट कोसळून चीनमधून येणारा माल रोडावला, तेव्हा या डेल्फ्टच्या मालाची चलती झाली. वरून तो हुबेहूब चिनी वाटे, पण कड टवकली की आतली माती उघडी पडे.

कैदेतला किमयागार

खऱ्या पोर्सेलिनचं कोडं सुटलं ते एका थापेमुळे. योहान फ्रिडरिश ब्यॉटगर हा बर्लिनमधल्या एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करणारा तरुण. हलक्या धातूचं सोनं करून दाखवतो, अशी त्याने ख्याती मिळवली. ती प्रशियाच्या राजाच्या कानी गेली, तेव्हा १७०१ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो घाबरून शेजारच्या सॅक्सनीत पळाला. तिथे ऑगस्टसने त्याला पकडलं आणि सोडलंच नाही. राजाला युद्धासाठी, दरबारासाठी आणि पोर्सेलिनसाठी सोनं हवंच होतं! ब्यॉटगरने एकदा पलायन केलं आणि तो पुन्हा पकडला गेला. सोनं काही होईना.

त्याच्यावर देखरेख करणारा एरेनफ्रीड वाल्टर फॉन चिर्नहाउस हा पक्का शास्त्रज्ञ होता. तो गणिती होता, लायब्निझचा स्नेही होता. मोठमोठी भिंगं आणि आरसे करून त्यांनी सूर्याची उष्णता एका बिंदूवर आणायची आणि कुठला खनिज पदार्थ वितळतो, कुठला टिकतो ते पाहायचं, असे त्याचे प्रयोग वर्षानुवर्षं चालले होते. सोन्याचा नाद सोडून या हुशार कैद्याला मातीच्या कामाला लावावं, हे त्याचंच म्हणणं. खाणींची जाण असलेला पाब्स्ट फॉन ओहाइन हाही त्यांच्यात होता. राज्यातल्या निरनिराळ्या ठिकाणचे मातीचे नमुने आणले गेले, त्यांची मिश्रणं भाजली गेली, नोंदी ठेवल्या गेल्या. आधी दगडासारखी कठीण तांबडी भांडी साधली. १५ जानेवारी १७०८ च्या टिपणात पांढऱ्या मिश्रणांचे प्रयोग आहेत. कोल्डिट्झची पांढरी माती आणि वितळवण्यासाठी अलाबास्टर असा तो मेळ होता. अलाबास्टरच्या जागी फेल्डस्पार पुढे आला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चिर्नहाउस वारला. मार्च १७०९ मध्ये ब्यॉटगरने राजाला लेखी कळवलं, की चिनी मालाच्या तोडीचं पांढरं पोर्सेलिन आपण करू शकतो. शोधाचं श्रेय कोणाचं, यावर जर्मनीत तेव्हापासून वाद आहे. नोंदी पाहता इतकं म्हणता येतं, की चिर्नहाउसच्या पद्धतीशिवाय ब्यॉटगर तिथे पोचला नसता आणि ब्यॉटगरच्या चिकाटीशिवाय भट्टीतून धंद्याजोगा माल निघाला नसता. जानेवारी १७१० मध्ये कारखान्याची घोषणा झाली आणि जूनमध्ये तो माइसेन गावच्या आल्ब्रेख्ट्सबुर्ग या टेकडीवरच्या गढीत हलवला. गढी निवडण्याचं कारण उघड होतं : आत-बाहेर करणाऱ्यावर नजर ठेवता येते. ब्यॉटगरची सुटका १७१४ मध्ये झाली. पण भट्ट्यांचा धूर, रसायनं आणि दारू यांनी तो खंगला होता. १७१९ मध्ये, ३७ व्या वर्षी तो गेला.

गुपित किती दिवस टिकलं?

मिश्रणाचं प्रमाण एकाला आणि झिलईचं दुसऱ्याला, अशी विभागणी करून माइसेनने गुपित राखायचा बेत केला. कारागिरांकडून शपथा घेतल्या. पण पगार वेळेवर दिले नाहीत, आणि बेत तिथेच फसला. १७१८ मध्ये व्हिएन्नात क्लॉड दु पाकिए याने कारखाना काढला. सॅम्युएल श्ट्योल्ट्सेल हा माइसेनचा भट्टीचा जाणकार त्याला जाऊन मिळाला आणि व्हिएन्नाला खरं पोर्सेलिन बनू लागलं. तिथेही पगार थकले, तसा श्ट्योल्ट्सेल १७२० मध्ये परत माइसेनला आला. माफी मिळवण्यासाठी तो येताना एक तरबेज रंगारी घेऊन आला. योहान ग्रेगोरियुस हेरोल्ड हे त्याचं नाव. या हेरोल्डने झिलईवर टिकणाऱ्या रंगांची सगळी पेटीच तयार केली आणि माइसेनला स्वतःची ओळख मिळवून दिली. एका फितुरीने कारखान्याचं नुकसान झालं आणि त्याच फितुराने ते भरूनही काढलं.

पुढच्या पन्नास वर्षांत फिरत्या कारागिरांनी ही विद्या सगळीकडे नेली. दोच्चा, न्यूम्फेनबुर्ग, बर्लिन, कोपनहेगन असे कारखाने निघाले आणि राजाच्या पदरी पोर्सेलिनचा कारखाना असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. ऑगस्टसची नात मारिया अमालिया लग्न होऊन नेपल्सला गेली आणि तिच्या नवऱ्याने १७४३ मध्ये कापोदीमोंते इथे कारखाना काढला. तिथला माल मात्र मृदू जातीचा होता. रशियाची गोष्ट वेगळी आहे. तिथे गुपित विकायला आलेला परदेशी जाणकार कुचकामी ठरला. शेवटी जर्मनीत खाणशास्त्र शिकून आलेल्या द्मित्री विनोग्रादोव या रशियन तरुणाने १७४० च्या दशकात स्वतः प्रयोग करून सेंट पीटर्सबर्गला पोर्सेलिन साधलं.

खुद्द चीनमधूनही माहिती बाहेर आली. पेर दांत्रकोल हा फ्रेंच जेझुइट पाद्री जिंगडेझनच्या परिसरात धर्मप्रसार करत होता. त्याने तिथल्या कुंभारांच्या कामाचं तपशीलवार वर्णन १७१२ आणि १७२२ च्या पत्रांत लिहिलं आणि ती पत्रं युरोपात छापली गेली. पण कृती वाचून भागत नाही, माती हाताशी लागते. फ्रेंचांना ती १७६८ च्या सुमारास लिमोजजवळच्या सँ-इरिये इथे मिळाली. दार्ने नावाच्या वैद्याची बायको एक पांढरी, बुळबुळीत माती कपडे धुवायला वापरता येईल का, ते पाहत होती. नवऱ्याने तिचा नमुना बोर्दोच्या औषधविक्रेत्याकडे पाठवला आणि ते केओलिन निघालं. लिमोजचा आजचा लौकिक त्या मातीवर उभा आहे.

इंग्लंडमध्ये प्लिमथच्या विल्यम कुकवर्दी या औषधविक्रेत्याने त्या पाद्र्याच्या माहितीच्या आधारे कॉर्नवॉलमध्ये केओलिन हुडकलं आणि १७६८ मध्ये पेटंट घेतलं. तरी इंग्रजांचा खरा डाव निराळाच होता. त्यांनी मिश्रणात जनावरांच्या हाडांची राख घातली. लंडनच्या बो कारखान्यात १७४० च्या दशकात त्याची सुरुवात झाली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस स्टोकच्या स्पोड घराण्याने प्रमाण पक्कं केलं : साधारण निम्मी राख, उरलेल्या निम्म्यात केओलिन आणि कॉर्नवॉलचा दगड. आपल्याकडे भेट म्हणून दिला जाणारा ‘बोन चायना’चा टी-सेट तो हाच. त्यातला ‘बोन’ म्हणजे खरंच हाड, हे ठाऊक झाल्यावर अनेक शाकाहारी घरांत तो कपाटातच राहतो. इंग्रजी कारखान्यांना सरकारी तिजोरीचा आधार नव्हता, त्यांना मध्यमवर्गीय गिऱ्हाईक गाठायचं होतं. म्हणून त्यांनी कागदावरची छापील नक्षी भांड्यावर उतरवण्याची रीत रुजवली आणि पोर्सेलिन राजवाड्यातून दिवाणखान्यात आणलं.

मेजावरची शिल्पं

मातीची कृती सगळ्यांच्या हाती गेल्यावर कोणाचा माल सरस, हे ठरलं घडवणाऱ्याच्या हातावर. माइसेनला १७३१ मध्ये योहान योआखिम केंडलर हा तरुण शिल्पकार आला आणि चाळीसहून अधिक वर्षं तिथे राहिला. ऑगस्टसला आपल्या ‘जपानी राजवाड्या’साठी खऱ्या आकाराचे पोर्सेलिनचे पशुपक्षी हवे होते. एवढा जाड, मोठा ऐवज भट्टीत टिकणं दुरापास्त. ड्रेस्डेनमध्ये आज उभ्या असलेल्या त्या प्राण्यांच्या अंगावर भाजतानाच्या भेगा स्पष्ट दिसतात, आणि तरी त्यांचा डौल कमी होत नाही. मंत्री हाइनरिश फॉन ब्र्यूल याच्यासाठी केंडलरने १७३७ ते १७४२ या काळात दोन हजारांहून अधिक नगांचा ‘हंस’ संच केला. ताटल्यांच्या तळाशी शिंपल्याच्या रेषा, त्यांत उठावातले हंस आणि बगळे. युरोपचा स्वतःचा पोर्सेलिन-बाज इथे सापडला. त्याआधी मेजवानीच्या मेजावर साखरेच्या बाहुल्या मांडत. त्यांची जागा आता पोर्सेलिनच्या छोट्या पुतळ्यांनी घेतली.

फ्रान्समध्ये व्हँसेनला सुरू झालेला कारखाना १७५६ मध्ये सेव्र इथे गेला आणि तीन वर्षांनी पंधराव्या लुईने तो विकतच घेतला. मादाम द पाँपादूर ही त्याची मोठी आश्रयदाती. सोनेरी मुलामा आणि बहुरंगी काम यांवर राजाने बाकीच्या फ्रेंच कारखान्यांना निर्बंध घातले. नाताळच्या सुमारास व्हर्सायला खुद्द राजवाड्यात सेव्रच्या मालाचं विक्री-प्रदर्शन भरे आणि दरबाऱ्यांना खरेदी केल्यावाचून गत्यंतर नसे. क्रांतीनंतर त्यांच्या हवेल्यांतलं सामान विकलं गेलं, तेव्हा इंग्लंडच्या चौथ्या जॉर्जने सेव्रचा भरपूर माल उचलला. लंडनचा राजसंग्रह आणि वॉलेस कलेक्शन आज सेव्रसाठी नावाजलेले आहेत, ते त्या पडझडीमुळे.

शौकिनांनी काय दिलं?

ऑगस्टस १७३३ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या संग्रहात ३५ हजारांहून अधिक नग होते. हे वेडच, यात शंका नाही. पण या वेड्याने एक शहाणपणाचं काम करून ठेवलं. १७२१ पासून त्याने संग्रहाची यादी करवून घेतली आणि प्रत्येक नगावर क्रमांक आणि वर्गाची खूण घातली. आज एखाद्या चिनी बरणीवर तो क्रमांक आढळला, की ती ऑगस्टसच्या राजवाड्यात नोंदली गेली होती हे कळतं, आणि त्यावरून तिच्यासारख्या इतर वस्तूंचा काळ ठरवता येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी हा संग्रह सोव्हिएत सैन्याने नेला आणि १९५८ मध्ये मोठ्या प्रमाणात परत केला. आज ड्रेस्डेनच्या झ्विंगरमध्ये सुमारे २० हजार नग आहेत. ब्र्यूलच्या ‘हंस’ संचाचं नशीब इतकं चांगलं नव्हतं. युद्धात त्याचा बराच भाग नष्ट झाला आणि उरलेला जगभर विखुरला.

शौकीन आले तसे नकलाकारही आले. माइसेनने १७२० च्या दशकात निळ्या रंगातल्या एकमेकींना छेदणाऱ्या तलवारींची खूण सुरू केली, आणि त्याच शतकात इंग्लंडच्या वुस्टरच्या मालावरही तलवारी दिसू लागल्या. ड्रेस्डेनमधल्या हेलेना वोल्फझोन यांच्या कारखान्याने एकोणिसाव्या शतकात ऑगस्टसच्या नावाची आद्याक्षरं बिनदिक्कत वापरली आणि माइसेनला कोर्टात जावं लागलं. पॅरिसमध्ये १८४५ मध्ये सुरू झालेली सॅमसन ही पेढी तर जुन्या नमुन्यांच्या प्रतिकृतींसाठीच प्रसिद्ध होती, आणि आज त्या प्रतिकृतीही संग्राहक विकत घेतात. सेव्रचा संचालक ब्रोंन्यार याने जुना, न रंगवलेला माल विकून टाकला आणि बाहेरच्या रंगाऱ्यांनी त्यावर अठराव्या शतकाच्या थाटाची चित्रं काढली. माती अस्सल, खूणही अस्सल, रंगकाम तेवढं नंतरचं!

म्हणून जाणकार तळाची खूण सगळ्यात शेवटी पाहतात. आधी कड उजेडापुढे धरून वस्तू किती पारदर्शी आहे ते पाहतात. तळाशी जिथे झिलई नाही तिथली माती खरखरीत आहे की साखरेसारखी दाणेदार, ते बोटाने तपासतात. रंग झिलईच्या आत आहे की वर बसलाय ते न्याहाळतात आणि आकार त्या काळाचा आहे का, हे ताडून पाहतात. हे सगळं जुळलं, तरच खुणेला अर्थ असतो.

हे पाहण्यासाठी युरोपलाच जायला हवं असं नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेलं चिनी आणि जपानी पोर्सेलिन आहे. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात माइसेन आणि सेव्रचेही नग आहेत. आधी मुंबईचा चिनी-जपानी संग्रह पाहावा आणि मग हैदराबादचा युरोपीय. कशाची नक्कल करता करता युरोपने स्वतःचं काय घडवलं, ते त्या क्रमाने पाहिलं की सहज उमगतं.